परुळेकरांचा पुढचा ब्रेक

तळलेल्या बोंबलांचं दुसरं ताट आलं नसतं, तर अरविंद परुळेकर त्या दुपारी गप्प बसले असते आणि नेरूळच्या 'मंदार' सोसायटीतला चौदा नंबरचा खांब आजही चौदा नंबरचाच राहिला असता. पण बोंबील आले, कुरकुरीत होते, आणि पोटात चांगलंचुंगलं गेलं की आपण इंजिनीयर आहोत याची परुळेकरांना फार आठवण येते.

जेवण होतं उरणला, सासुरवाडीत. मेहुणा सुयश यानं घरामागच्या वाडीत पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या होत्या आणि पुढच्या रविवारी पहिले पाहुणे यायचे होते. वाडीतून किनाऱ्याकडे चांगला उतार आहे. त्या उतारावरून पाहुण्यांना, मुख्य म्हणजे त्यांच्या पोरांना, फिरवून आणायला त्यानं एक जुनी एटीव्ही विकत घेतली होती. एटीव्ही म्हणजे चार जाड चाकं, मोटारसायकलसारखं हँडल आणि मध्ये एक सीट. गाडी पळायची झोकात. थांबायचं मात्र मनावर घेत नव्हती. मागच्या चाकांचा ब्रेक पायाचा, साधा तारेचा. तो बरा होता. पण उतारावर खरी मदार पुढच्या दोन चाकांवर, हाताच्या ब्रेकवर, आणि त्याच्या तेलाच्या नळ्या खाऱ्या हवेनं पार तडकल्या होत्या.

"मेकॅनिक हाय पनवेलला," सुयश म्हणाला, "पन तो गावी गेलाय. पंधरा दिवस तरी येनार नाय."

"नळ्याच ना?" परुळेकर काटा बाजूला ठेवत म्हणाले. "अरे, नळ्यांना काय मेकॅनिक लागतो? बत्तीस वर्षं मी दुसरं केलं काय?"

हे खोटं नव्हतं. बत्तीस वर्षं परुळेकर एका मोठ्या कंपनीत पायपिंग डिझाइन करत होते. रिफायनऱ्या, खताचे कारखाने, कुठकुठल्या वाळवंटातले तेलाचे डेपो, सगळीकडच्या नळ्या त्यांनी टाकल्या होत्या. कागदावर. मार्चमध्ये ते निवृत्त झाले, आणि तेव्हापासून त्यांच्या अनुभवाला घरात गिऱ्हाईक मिळेना.

"आपल्या बाथरूमचा नळ गळतो त्याला तर प्लंबर येतो," चारुलता म्हणाली. ती परुळेकरांची बायको, एका पतपेढीत नोकरीला, आणि हिशेबात पक्की. "तुम्ही रेघा मारल्या हो. नळ्या बसवल्या दुसऱ्यांनी."

ती सहज बोलली. पण सासरे हसले, सासूबाई हसल्या, सुयशही भातात तोंड लपवून हसला. परुळेकरांना ते वाक्य लागलं, बोंबलाच्या काट्याहून जास्त लागलं. बत्तीस वर्षांचा संसार आणि बत्तीस वर्षांची नोकरी, आणि बायकोचा एकंदर निष्कर्ष हा! गाडी टेम्पोत घालून नेरूळला पाठवून दे, असं त्यांनी तिथेच सांगून टाकलं. हा ब्रेक आपण आपल्या हातानं बसवायचा आणि चारुलतेच्या तोंडून, याच सगळ्यांसमोर, 'ह्यांनी बसवला' हे ऐकायचं, एवढंच त्यांनी मनाशी धरलं.

मंगळवारी टेम्पो सोसायटीच्या गेटपाशी आला आणि तिथेच थांबला, कारण गेटात सेक्रेटरी बाबासो घोरपडे उभे होते. बाबासो मूळचे कागलकडचे. उभा जन्म सरकारी कचेरीत गेल्यामुळे नियम नसलेली वस्तू डोळ्यांसमोर आली की त्यांना अस्वस्थ व्हायचं.

"हे काय जनावर आणलंसा, परुळेकर सायेब?"

"गाडी आहे. दुरुस्तीला."

"मग स्टिकर पायजे. स्टिकरला आरसी बुक पायजे."

"हिला आरसी बुक नसतं. ही रस्त्यावर चालवत नाहीत."

"रस्त्यावर चालवत न्हाईत ती गाडी पार्किंगात कशापायी ठेवायची?"

मग गाडीचा वर्ग ठरवण्यावर चर्चा झाली. चाकं चार, म्हणून चारचाकी. पण स्टेअरिंग नाही, हँडल आहे, म्हणून दुचाकी. दुचाकीच्या रांगेत ती मावेना आणि चारचाकीच्या जागेत लावायला तिला नंबर नव्हता. "खेळणं म्हणून लिहा," परुळेकर वैतागून म्हणाले. बाबासोंनी शांतपणे 'पार्किंगमध्ये खेळण्यास सक्त मनाई' या बोर्डाकडे बोट दाखवलं. बोर्ड त्यांनीच लावला होता. टेम्पोवाल्याचा दुसरा चहा झाला तेव्हा बाबासोंनाच तोडगा सुचला. "बसायला सीट हाय न्हवं हिला? मग फर्निचर." गेटवरच्या वहीत 'फर्निचर, एक नग, तात्पुरते' अशी नोंद झाली आणि गाडी चौदा नंबरच्या खांबाशी येऊन बसली. "फक्त लिफ्टमधनं न्यायची न्हाई," बाबासोंनी बजावलं.

बुधवार ड्रॉइंगमध्ये गेला. दुसरा कुणी असता तर पाना घेऊन खाली बसला असता. पण ड्रॉइंगशिवाय नळी म्हणजे परुळेकरांच्या मते अनागोंदी. त्यांनी जेवणाच्या टेबलावर मोठा कागद पसरला. हँडलवरची तेलाची डबी, तिथून खाली येणारी मुख्य नळी, मध्ये दोन फाटे, प्रत्येक फाटा एकेका चाकाच्या ब्रेकला. समोरून, बाजूनं आणि तिरकं, अशी तीन चित्रं. खाली उजव्या कोपऱ्यात चौकट: तयार करणार, अ. परुळेकर. तपासणार, अ. परुळेकर. मंजुरी, रिकामी. चारुलता संध्याकाळी कामावरून आली तेव्हा तिनं जेवायचं कुठं एवढंच विचारलं, आणि कुरियरवाल्याच्या मोबाइलवर करतात तशी मंजुरीच्या चौकटीत सही करून टेबल मोकळं करून घेतलं.

गुरुवारी आणि शुक्रवारी नळ्या बसल्या. बसल्या म्हणजे काय बसल्या! कुठे लोंबत नव्हत्या, कुठे वेडंवाकडं वळण नव्हतं, गाडीच्या सांगाड्याला चिकटून, पट्टीनं आखल्यासारख्या खाली उतरत होत्या. बघायला लोक येत होते. शेजारच्या फ्लॅटमधल्या शर्मिलाताई भाजी आणायला जाताना थांबल्या आणि भाजी घेऊन येतानाही थांबल्या.

"जमतंय हो भाऊ तुम्हाला," त्या कौतुकानं म्हणाल्या. "आमच्या ह्यांनी एकदा मिक्सर उघडला होता. अजून उघडाच आहे."

बाबासोंनी ब्रेकमध्ये एरंडेल घालायचा सल्ला दिला. गावाकडं त्यांच्या चुलत्यांनी एका जीपला घातलं होतं म्हणे. पुढे जीपचं काय झालं ते मात्र ते सांगेनात.

शुक्रवारी संध्याकाळी परुळेकरांनी सुयशला व्हिडिओ कॉल लावला आणि देवासमोर निरांजन ओवाळावं तसा मोबाइल नळ्यांवरून फिरवला.

"एक नंबर, भावजी! आता हँडल फिरवून दाखवा."

परुळेकरांनी हँडल डावीकडे वळवलं. सुरेख वळलं. उजवीकडे वळवलं, तर ते अर्ध्यातच अडलं आणि नळी कपड्याच्या दोरीसारखी ताणून उभी राहिली. गाडी आता फक्त डावीकडे जाऊ शकत होती.

"भावजी, किनारा उजवीकडं हाय आपला," सुयश हळूच म्हणाला.

ड्रॉइंगमध्ये हँडल वळत नाही, ही गोष्ट बत्तीस वर्षांत परुळेकरांच्या ध्यानात आली नव्हती, आणि यात त्यांचा काही दोष नाही. रिफायनरीला हँडल नसतं. त्यांनी सगळ्या पट्ट्या सोडल्या, वर एक ऐसपैस ढिला वळसा ठेवला, जो त्यांना आपल्याच लिखाणातल्या शुद्धलेखनाच्या चुकीसारखा खुपत राहिला, आणि ड्रॉइंगवर 'सुधारित' असं लिहिलं.

आता राहिली हवा. ब्रेकच्या नळीत तेलच हवं. हवेचा एक बुडबुडा राहिला तरी ब्रेक दाबल्यावर तो बुडबुडा दबतो आणि चाक मजेत फिरत राहतं. म्हणून ती हवा काढावी लागते, आणि ते काम एकट्याचं नाही. एकानं वर बसून ब्रेकचा लिव्हर चारपाच वेळा दाबायचा आणि घट्ट धरून ठेवायचा. दुसऱ्यानं खाली चाकाशी एक छोटं बोंड पान्यानं किंचित सैल करायचं; तेलाबरोबर बुडबुडे बाहेर येतात; बोंड पुन्हा आवळायचं. आवळेपर्यंत वरच्यानं लिव्हर सोडायचा नाही. सोडला की बाहेरची हवा पुन्हा आत. म्हणजे हे काम दोघांच्या एकमेकांवरच्या विश्वासाचं आहे, आणि ते नवराबायकोनं करू नये असं कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही. लिहायला हवं होतं.

शनिवारी चारुलतेला सुट्टी होती. सकाळी ती सीटवर बसली. परुळेकर पुढच्या चाकाशी वर्तमानपत्र अंथरून आडवे झाले. बोंडाला पारदर्शक नळी, नळीचं टोक लोणच्याच्या रिकाम्या बरणीत.

"दाब."

"दाबला."

"धर."

"धरलाय."

बोंड सैल केलं. बरणीत बुडबुडे आले. परुळेकरांना भरून आलं. एवढ्यात बाबासो फिरून परत आले, चारुलता "नमस्कार, घोरपडेकाका!" म्हणाली आणि तिनं नमस्कार केला. दोन्ही हातांनी.

बरणीतलं तेल सुर्रकन नळीतून माघारी गेलं.

तिचंही काही चुकलं नव्हतं. मोठं माणूस दिसलं की हात आपोआप जोडले जावेत, अशा घरात ती वाढली होती. पण शनिवारी सकाळी सोसायटीतली सगळी मोठी माणसं फिरून परत येत असतात. पुन्हा दाब, पुन्हा धर, आणि पुन्हा नमस्कार.

"अगं, मानेनं कर ना!" परुळेकर खालून कळवळून म्हणाले.

"मानेनं नमस्कार करतात का कुणी? काय म्हणतील लोक?"

"लोक काय म्हणायचे ते म्हणू देत. हवा आत जाते!"

चारुलता चिडली की उरणची होते. "मंग तुमी बसा वर नि धरा. मी झोपते खाली. बघू तुमाला तरी कोनी नमस्कार करतंय का!"

या वादात लिव्हर करकचून दाबलेला आणि बोंड जरा जास्तच सैल झालेलं, असा एक क्षण आला. नळी निसटली आणि तेलाची पिचकारी थेट खांबावर गेली. परुळेकरांनी आधी तिकडे दुर्लक्ष केलं, आणि काही वेळानं जबाबदार नागरिक म्हणून फडक्यानं खांब पुसला. ब्रेकचं तेल रंग खातं, हे त्यांना माहीत होतं. पण माहीत असणं आणि वेळेवर आठवणं यात अंतर आहे. फडक्याबरोबर चौदातला चार निघून आला. खांबावर राहिला एक.

"एक नंबर माझा हाय," बाबासो खांबासमोर उभं राहून म्हणाले. "एका सोसायटीत दोन एक नंबर चालायचे न्हाईत. कमिटीपुढं ठेवावं लागंल."

पण दुपार व्हायच्या आत हवा गेली. लिव्हर दगडासारखा घट्ट लागला. परुळेकरांनी तो स्वतः दाबून पाहिला, मग चारुलतेला दाबायला लावला, मग उगाच आणखी एकदा दाबला. तिनं "हं" म्हटलं. हे 'हं' बरं होतं, पण परुळेकर ज्या वाक्याची वाट बघत होते ते हे नव्हतं. फक्त हँडलवरच्या तेलाच्या डबीला झाकण लावायचं राहिलं होतं. हात धुऊन, घोटभर चहा घेऊन लावू, असं म्हणून दोघं वर गेली.

ती खाली आली तेव्हा गाडीला झेंडूची माळ होती. टाकीवर हळदकुंकवाचं स्वस्तिक, चाकांखाली लिंबं, आणि शेजारी शर्मिलाताई, हातात फोडलेल्या नारळाच्या दोन वाट्या घेऊन, प्रसन्न चेहऱ्यानं.

"उद्या उद्घाटन ना तुमच्या भावाचं? म्हटलं, गाडी पूजेशिवाय जायची म्हणजे काय! तुम्ही तर दोघं कामात." मग त्यांनी हँडलकडे बोट दाखवलं. "नारळाचं पाणी खाली सांडायला नको म्हटलं, तर इथे छान वाटी होतीच."

परुळेकरांनी त्या वाटीत डोकावून पाहिलं. ब्रेकच्या तेलात नारळाचं पाणी होतं आणि वर अक्षता तरंगत होत्या. त्यांच्या तोंडून काही निघायच्या आत शर्मिलाताईंनी त्या तोंडात खोबऱ्याचा तुकडा आणि साखर ठेवली. असा प्रसाद तोंडात असताना माणूस शेजारणीला बोलणार तरी काय? "छान झाली पूजा," चारुलता म्हणाली, आणि ताई गेल्यावर तिनं हलक्या आवाजात विचारलं, "नारळाचं पाणी चालत नाही का?"

चालत नाही. ब्रेक तापतो, पाणी उकळतं, त्याची वाफ होते, आणि वाफ म्हणजे पुन्हा हवाच. सगळं तेल काढून टाकावं लागलं, डबी धुवावी लागली, कोपऱ्यावरच्या दुकानातून नवं तेल आणावं लागलं आणि दाब, धर, सोड हे सगळं पहिल्यापासून सुरू झालं. चारुलतेचा पंजा दुखून आला. परुळेकरांची मान अवघडली. संध्याकाळी लिव्हर घट्ट लागला. म्हणजे सकाळइतका नाही, पण लागला. "झालं," परुळेकर म्हणाले. थकलेल्या माणसाला आपलंच म्हणणं चटकन पटतं.

रविवारी सकाळी सुयश टेम्पो घेऊन आला. पाहुणे वाटेत होते. त्यांच्यात दोन लहान मुलं होती आणि ती आठवडाभर फक्त या गाडीबद्दल विचारत होती. त्याच्याबरोबर सासरे आले होते, सासूबाई आल्या होत्या. सोसायटीही जमली. पार्किंगमधून गेटकडे उतरणारा चांगला लांब उतार आहे. गाडी वरून सोडायची आणि खाली थांबवायची, असं ठरलं.

"भावजी, ब्रेक तुमचा, पयली राइड पन तुमची."

सगळे परुळेकरांकडे बघू लागले. परुळेकरांनी आयुष्यात सायकलखेरीज काही चालवलं नव्हतं. घरची मोटारसुद्धा चारुलताच चालवायची. ते सुयशकडे बघू लागले, सुयश टेम्पोच्या टायरकडे बघू लागला, आणि बाबासो दोन पावलं मागे सरकून आकाशाचा अंदाज घेऊ लागले. तेवढ्यात चारुलतेनं ओढणी कमरेला खोचली आणि ती सीटवर जाऊन बसली.

परुळेकर तिच्याजवळ गेले. "फक्त हाताचा दाबायचा. पायाचा अजिबात नाही. नाहीतर माझा लागतो की नाही ते कळणार नाही."

"कळलं."

"भीती वाटते का?"

"वाटते की," ती म्हणाली. "व्हा बाजूला."

परुळेकर बाजूला झाले नाहीत. ते उतार उतरून खाली गेले आणि बरोबर मधोमध, हात पसरून उभे राहिले. हे त्यांनी का केलं ते त्यांनाही सांगता आलं नसतं. आपल्या ब्रेकच्या भरवशावर बायकोला सोडायचं आणि आपण कडेला उभं राहायचं, हे त्यांना बरं वाटेना, एवढंच.

गाडी निघाली. उतारावर वेग आला. "चारू, दाब!" परुळेकर ओरडले. गाडी येतच राहिली, मोठी होत राहिली, आणि मग चाकं करकरली आणि ती त्यांच्या पोटापासून हातभर अंतरावर थांबली.

टाळ्या पडल्या. "शाब्बास, परुळेकर सायेब!" बाबासो गरजले. सासूबाईंनी कडाकडा बोटं मोडली. आणि चारुलता, गाडीवर बसल्या बसल्या, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ह्यांनी बसवलाय. ह्यांच्या हातचा ब्रेक आहे."

आठवडाभर ज्या वाक्यासाठी जीव टाकला होता ते वाक्य हेच. पण परुळेकर गाडीसमोरच उभे होते. लिव्हर पार हँडलला टेकलेला त्यांना दिसत होता, म्हणजे तो दाबून काही उपयोग झालेला नव्हता. आणि चारुलतेची उजवी चप्पल पायाच्या ब्रेकवर होती, इतकी दाबलेली की बोटं पांढरी पडली होती. तिनं आधी त्यांचा ब्रेक दाबला होता. तो लागला नाही, तेव्हा तिनं दुसरा दाबला होता, आणि आता ती त्यांच्याकडे बघून हसत होती.

परुळेकरांनी ते वाक्य क्षणभर अंगावर घेतलं. फार गोड लागलं. सासरे पाठ थोपटायला पुढे येत होते. सुयशनं टेम्पोला फळी लावली. मागचा ब्रेक चांगला होता, गाडी थांबत होती, कुणाला काही कळलं नसतं. मग त्यांना वाडीतला उतार आठवला, आणि आठवडाभर गाडीबद्दल विचारणारी ती दोन मुलं.

"सुयश, फळी काढ," ते म्हणाले.

"काय झालं भावजी?"

"माझा ब्रेक लागला नाही. हिनं पायाचा मारला म्हणून थांबली."

टाळ्या वाजवणारे हात तसेच राहिले. बाबासो खोकले. सासऱ्यांचा थोपटायला निघालेला हात हवेत थोडा वेळ थांबला आणि खिशात गेला.

"मी म्हटलं का असं काही?" चारुलता लाल होऊन म्हणाली.

"नाही. तू खोटं बोललीस. छान बोललीस." परुळेकरांनी हँडलला टेकलेल्या लिव्हरकडे बोट दाखवलं. "पण नळीत हवा आहे. काल शेवटी मी घाई केली."

त्यांनी पाना मागवला आणि उद्घाटनाला म्हणून घातलेल्या इस्त्रीच्या शर्टानिशी ते रस्त्यावर, सगळ्या सासुरवाडीसमोर, चाकाशी आडवे झाले. सुयश कोपऱ्यात जाऊन फोनवर पाहुण्यांना गाडी दुपारी मिळेल म्हणून सांगू लागला. वर सीटवरून चारुलता वाकली.

"एवढं सगळ्यांसमोर कशाला सांगायचं?" ती हळूच म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती रागावलेलीही होती. "मला मेलीला वाटलं, एवढे राबलात, तर तुम्हाला तेवढं तरी..."

"दाब," परुळेकर म्हणाले.

तिनं दाबला. नळीतून एक मोठा बुडबुडा आला, त्याच्यामागून एक बारका.

"आहे का अजून?"

"आहे. वेळ लागेल."

"लागू दे," चारुलता म्हणाली. "मी बसलेय."